समोर बसू नकोस

८ जुलै

प्रिय आत्या,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला नमस्कार.

नोकरी लागून महिना झाला तरी तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू फुरंगटून बसली असशील. पण आता बातमीच अशी आहे की राग विसरशील. काल साहेबांनी अख्ख्या ऑफिससमोर माझं कौतुक केलं!

आधी काम काय ते सांगते, कारण बाबांनी तुला 'पोरगी शाळा तपासते' असं काहीतरी सांगून ठेवलं असणार. आम्ही शाळा नाही, मुलं तपासतो. तिसरीतल्या मुलांना वाचता येतं का, आकडे कळतात का, हे एकेकाला बोलावून बघायचं. सगळं तोंडी. आधी कार्डावरचा परिच्छेद वाचायला द्यायचा. मग शब्दांचा तक्ता. मी शब्द म्हणायचा आणि मुलानं त्यावर बोट ठेवायचं. मग बेरजा, वजाबाक्या. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर जादा वर्ग असतो. तिथं जागा मोजक्या, त्यामुळे कुणाला बसवायचं ते आमच्या निकालावरून ठरतं. तिसरीच्या पुढे अक्षरं कुणी शिकवत नाही, त्यामुळे इथं सुटलेलं मूल कायमचं सुटतं.

नियम कडक आहेत. मदत करायची नाही, 'हो' म्हणायचं नाही, 'चुकलं' म्हणायचं नाही. मी, जिला तू जन्मापासून टिटवी म्हणतेस ती, सकाळभर तोंडाला कुलूप लावून बसते. आहे की नाही नवल?

आणि माझ्या वाट्याला आलेल्या शाळेचा निकाल सगळ्यांत वर लागला. साहेब म्हणाले, "हिच्यापुढे मुलं खुलतात." वर्षाअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, त्यामुळे हे वाक्य मी मनात दिवसभर घोळवलं.

एक गंमत सांगते. त्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला खारू म्हणतात. मान इकडे, डोळे तिकडे, एका जागी ठरेल तर शपथ. वर्गाच्या बाईंनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "तिला काही येत नाही हो, थेट जादा वर्गात घाला." सगळ्यांत शेवटी तिला बोलावलं, तर पठ्ठीनं परिच्छेद घडाघडा म्हटला! शब्दांवर बोट जरा फिरत फिरत जायचं, पण बरोबर जागी थांबायचं. सतरा आणि आठ किती विचारलं, तर माझ्याकडे बघत "बावीस... तेवीस... चोवीस... पंचवीस" म्हणाली आणि हसून थांबली. मी तिला सगळ्यांत वरची श्रेणी दिली. बाईंचा चेहरा बघायला हवा होतास. एखाद्या पोराला एकदा ढ ठरवलं की या बायका पुन्हा त्याच्याकडे बघतच नाहीत.

आता तू कौतुकाचं पत्र लिही. लांबलचक.

तुझी,
टिटवी


१४ जुलै

चि. टिटवीस आशीर्वाद. गुडघा आशीर्वाद द्यायच्या परिस्थितीत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आत्या म्हणून वाचलं आणि शेजारणीला हाक मारून तिलाही ऐकवलं. दुसऱ्यांदा जन्मभर पहिलीला शिकवलेली बाई म्हणून वाचलं, आणि शेजारणीला काही सांगितलं नाही.

मला जरा नीट सांग. तू मुलाच्या समोर बसतेस का? बाकीची मुलं तेव्हा कुठं असतात? परिच्छेद सगळ्यांना एकच देतेस की बदलतेस?

तुला गुलामचोर आठवतो ना? सुटीत आपण जमिनीवर पसरून खेळायचो. गुलाम तुझ्या हातात असला की पत्ता ओढायच्या आधीच घरभर कळायचं. माझं बोट गुलामावर गेलं की तुझ्या भुवया वर, पुढच्या पत्त्यावर सरकलं की खाली. तुझा बाप तर पत्त्यांकडे बघायचाच नाही, तुझ्या कपाळाकडे बघून ओढायचा. आणि मग तू भोकाड पसरायचीस की सगळे लबाडी करतात.

तोंडाला कुलूप लावलंस ते छान केलंस गं. कपाळाला काय लावलंस?

ती मुलगी बावीस, तेवीस म्हणताना कुणाकडे बघत होती, ते तूच लिहिलं आहेस. पुन्हा वाचून बघ. आणि ज्या बाई त्या पोरीला रोज बघतात, त्यांचा चेहरा बघून खूश होण्याआधी त्यांना चार प्रश्न तरी विचारायचे होतेस.

कौतुक आहेच. ते शेजारणीजवळ करून झालं.

तुझी,
आत्या


१९ जुलै

आत्या,

तुला माझं बरं चाललेलं बघवत नाही असं मी म्हणणार नाही, पण शेजारणीला दिलेल्या कौतुकातलं थोडं इकडे पाठवलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. हो, टेबलाच्या पलीकडे मूल आणि अलीकडे मी. दुसरं कुठं बसणार, छतावर? बाकीची मुलं दाराशी रांगेत. कार्डं चार आहेत, पण त्यातलं एकच धड टाइप झालेलं आहे, म्हणून सगळ्यांना तेच दिलं.

म्हणजे तुझं म्हणणं असं, की तिसरीतल्या एका चिमुरडीनं रांगेत उभं राहून परिच्छेद पाठ केला आणि माझ्या भुवया बघून गणितं सोडवली. असं असेल तर तिला सरळ कॉलेजात घालू या.

त्या बाई परवा ऑफिसात आल्या होत्या. खारूला जादा वर्गात घ्या म्हणून मागे लागल्या. मी सांगितलं, निकाल वर गेला आहे, वरच्या श्रेणीतल्या मुलाला तिथं जागा मिळत नाही. त्या निघून गेल्या. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

टिटवी


२५ जुलै

चि. टिटवी,

बरी चिडलीस. चूक नसती तर इतकी चिडली नसतीस, तुला मी पाळण्यापासून ओळखते.

ती मुलगी लबाड आहे असं मी म्हटलेलं नाही. ढ तर ती मुळीच नाही. जिला माणसं इतकी झरझर वाचता येतात तिचं अक्षरांवाचून अडलं नाही, म्हणून ती तशीच पुढे सरकत आली. पण माणसं वाचून किती दिवस भागणार आहे?

एक कर. समोर बसू नकोस. तिच्या बाजूला बस, खांद्याला खांदा लावून. दोघी एकाच कागदाकडे बघा. कार्ड दुसरं घे. आणि निकाल मला लगेच कळवू नकोस, आधी तुझा तू बघ.

चूक निघाली नाही तर गाढव मी. तसं सही करून पाठवीन.

आत्या


१२ ऑगस्ट

आत्या,

गाढव तू नाहीस.

पत्र लिहायला उशीर झाला कारण आठवडाभर मी शाळेच्या रस्त्यानं जायचंच टाळत होते. शेवटी परवा गेले. चित्रकलेची खोली रिकामी होती. एका बाकावर खारूला बसवलं आणि मी शेजारी बसले. दुसरं कार्ड पुढे ठेवलं.

ती कार्डाकडे बघेचना. आधी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कार्डावरची नजर हलवली नाही. मग ती बाकावरून खाली उतरली, पुढे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आज आपण असं शेजारी बसू." परत आली. खाली वाकून माझ्या हनुवटीखालून वर बघू लागली, की चेहरा कुठून तरी सापडेल. मला हसू येत होतं, तरी मी नजर कार्डावरच ठेवली.

पहिल्या शब्दावर तिचं बोट होतं, ते तिथंच राहिलं. तिला तो शब्द वाचता येत नव्हता. पुढचाही नाही. काही अक्षरं ओळखली, बस.

म्हटलं, आकडे तरी येत असतील. सतरा आणि आठ? ती सुरू झाली. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस... ती तशीच पुढे जात राहिली गं. थांबवायला तिच्यासमोर कुणी नव्हतं. चाळिसाच्या पलीकडे गेल्यावर तिचा आवाज बारीक झाला, आणि तिनं विचारलं, "ताई, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

मी मैदानात जाऊन नळावर तोंड धुतलं. असं रडू मला परीक्षेत नापास झाले तेव्हाही आलं नव्हतं.

मग वर्गाच्या बाईंकडे गेले. ज्या बाईंना मी ऑफिसातून जवळजवळ घालवून दिलं होतं, त्या म्हणाल्या, "तिच्या घरी जाऊन या, म्हणजे कळेल." 

तिची आई शिवणकाम करते. एकच खोली, खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं मोठं टेबल. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. घरातलं सगळं बोलणं हातांनी आणि चेहऱ्यानं. गिऱ्हाईक आलं की खारू मधे उभी राहते. गिऱ्हाईक काय म्हणालं ते आईला हातांनी सांगते, आई काय म्हणाली ते गिऱ्हाइकाला तोंडानं. आता कळलं ना, ती चेहरे वाचायला कुठं शिकली?

हातात चाचणीची कार्डं घेऊन मी दारात उभी राहिले आणि तोंड उघडायच्या आत आईला कळलं की बातमी चांगली नाही. आमच्या ऑफिसानं मुलं तपासायला माझ्याऐवजी हिलाच नेमावं. तिनं खडू उचलला आणि टेबलावर लिहिलं, 'नापास?'

आत्या, तिला लिहिता येतं! मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकली आहे. मी खडू घेऊन लिहिलं, 'चूक माझी झाली. तिला अजून वाचता येत नाही. तुम्ही का शिकवलं नाही?' शेवटचं वाक्य लिहिलं आणि लाज वाटली, पण तिला राग आला नाही. तिनं खाली लिहिलं, 'अक्षर दाखवते. आवाज कसा दाखवू?'

मग हातानं टेबल पुसून पुन्हा लिहिलं, 'आता ती समोर आहे. मोठी होऊन लांब गेली की माझे हात तिला दिसणार नाहीत. तिला वाचता आलं पाहिजे.'

आता मी काय करू? निकाल गेला आहे. जादा वर्ग सुरू झाला आहे, सगळ्या जागा भरल्या आहेत. आणि मी साहेबांना सांगितलं तर प्रश्न एकट्या खारूचा राहणार नाही, त्या दिवशीची सगळीच मुलं माझ्या भुवयांसमोर बसली होती. मला कायम कोण करेल?

तुझी,
टिटवी


१७ ऑगस्ट

चि. टिटवी,

काय करू हे तुला माहीत आहे. तू मला विचारते आहेस ते मी 'राहू दे' म्हणावं म्हणून. मलाही वाटतं तुझी नोकरी टिकावी, खोटं कशाला बोलू. तुझा बाप मला फोन करून बोल लावणार आहे, तेही दिसतं आहे. तरीपण जा आणि साहेबांना सांग. भुवयांसकट सांग.

वर्गाच्या बाईंची माफी मागितलीस का? पत्रात कुठं दिसली नाही.

आता शिकवायचं. शेजारी बसून शिकव, आवाज आणि अक्षर एकत्र. तिच्या आईला आवाज दाखवता येत नाही ना, मग आवाज तू दे आणि अक्षर आईला काढू दे. खारू रोज घरी जाऊन आईकडून अक्षर गिरवून घेईल. त्या माउलीला बाजूला ठेवू नकोस.

आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितली नाही. अधूनमधून मुद्दाम चूक. मी फळ्यावर मुद्दाम चुकीची बेरीज लिहायची आणि तोंड अगदी गंभीर ठेवायची. आधी मुलं गप्प बसतात, बाई म्हणतात म्हणजे तेच खरं. मग एक दिवस कुणीतरी धीट पोर उठून म्हणतं, "बाई, चुकलं." बाईपेक्षा बेरीज खरी वाटायला लागली की ते मूल शिकलं असं मी समजायची. त्या दिवशी मला घरी जाताना रिक्षा लागत नसे, इतकं हलकं वाटायचं.

तुला मुद्दाम चुकणं कितपत जमेल मला शंका आहे. तुझं कपाळ आधीच चुगली करेल. प्रयत्न कर.

आत्या


२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सांगितलं. साहेब आधी हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग हसले नाहीत. "निकाल इतका छान होता हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी विचारलं, "आता काय, भुवया काढून येणार का?"

त्या शाळेतल्या सगळ्या मुलांची चाचणी नव्यानं झाली. माझ्याऐवजी आमच्याकडच्या एकाला पाठवलं, ज्याला आम्ही ठोकळा म्हणतो. त्याला लॉटरी लागली तरी चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. बरीच मुलं खाली आली. खारूशिवाय आणखी काही जण तेच करत होते, फक्त तिच्याइतकं सफाईनं नाही. माझं कायम होणं वर्षभर पुढे गेलं. बाबा माझ्याशी नीट बोलत नाहीत, तुझ्याशी बोलले असतीलच.

जागेचं सांगते. जादा वर्गाच्या शिक्षकांनी हात वर केले, बसवायला जागा नाही. तेव्हा वर्गाच्या बाई, ज्यांची मी माफी मागितली आहे (नोंद घे), म्हणाल्या, "स्टूल मी घरून आणते. मग तर झालं?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच डोक्यावर स्टूल घेऊन शाळेत आल्या. उरलेल्या मुलांसाठीही अशीच बाकं गोळा झाली. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी खारूच्या शेजारी बसते.

अवघड आहे गं. तिचं डोकं सारखं वळतं. मी तिला काही सांगत नाही, फक्त कागदावर बोट ठेवते. अक्षर आवडत नाही तिला, कारण अक्षर हसत नाही. हे तिनंच मला सांगितलं. पण आईकडून रोज खडूनं गिरवून आणते, हात पांढरे करून. मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला. तिनं लगेच माझ्याकडे बघून सांगितलं, "तुम्ही मुद्दाम करताय."

तुझी,
टिटवी


३० नोव्हेंबर

चि. टिटवी,

पत्र नाही. म्हणजे एकतर फार छान चाललं आहे किंवा फार वाईट. दोन्हीपैकी काय ते कळव, नाहीतर मी गुडघा घेऊन तिकडे येईन आणि जिन्यात बसून राहीन.

आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

येऊ नकोस, जिना उंच आहे.

लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तीन महिने खारू होती तिथंच होती. एक अक्षर यायचं, पुढच्या शनिवारी जायचं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. मग डिसेंबरात कधीतरी, नक्की कधी ते मलाही सांगता येणार नाही, ती शब्द वाचायला लागली. अडखळत, बोट टेकवत टेकवत. जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते. पण मान वळणं कमी झालं.

काल मी गेले तर तिनं स्वतःच स्टूल उचललं आणि माझ्यासमोर नेऊन ठेवलं. म्हणाली, "आज इथून." मी नको म्हणणार होते, पण तिनं पाटी मांडीवर घेतलीसुद्धा.

मी पाटीवर वजाबाकी घातली, बावन्न वजा सदतीस. मनात उत्तर धरलं पंचवीस. तिनं बोटं मोजली, रेघा मारल्या, खोडल्या, आणि म्हणाली, "पंधरा."

माझ्या भुवया वर गेल्या. मला कळलं की गेल्या, आणि तिला दिसल्या. माझ्या चेहऱ्याकडे ती तशीच बघत राहिली, पूर्वीसारखी. मी मनात म्हटलं, झालं. आता ती सोळा, सतरा करत वर चढणार आणि पंचवीसवर येऊन हसणार.

तिनं खाली बघितलं. दशकातला एक सोडवून पुन्हा रेघा मारल्या. सगळ्या पुन्हा मोजल्या.

"पंधराच," ती म्हणाली.

मी अजून तिच्याकडेच बघत होते. तर मला म्हणते, "ताई, माझ्याकडे काय बघताय? पाटीकडे बघा ना."

आत्या, मी पाटीकडे बघितलं. पंधराच होतं. हातचा घ्यायचा मी विसरले होते. तू मुद्दाम चुकायला सांगितलं होतंस, ते मला कधीच जमलं नाही. ही चूक अगदी अस्सल होती. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा नळावर गेले.

पुढच्या आठवड्यात ठोकळा येऊन तिची चाचणी घेणार आहे. घेऊ दे.

तुझी,
टिटवी


२८ जानेवारी

चि. टिटवी,

शेजारणीला सगळं पत्र वाचून दाखवलं. या वेळी काहीही वगळलं नाही.

सोबतचा कागद खारूला दे. त्यात एकही जोडाक्षर येऊ दिलेलं नाही. घाम फुटला लिहिताना. माझं स्वतःचं नातंसुद्धा त्यात लिहिता येईना, म्हणून नाइलाजानं आजी झाले. तिच्या हातात कागद दिलास की समोर बसू नकोस, आणि बाजूलाही बसू नकोस. खोलीच्या बाहेर जा.

आत्या


खारू,

मी एक आजी. मी फार लांब राहते. तू मला कधी पाहिले नाहीस. मीही तुला पाहिले नाही. माझा गुडघा दुखतो, नाही तर मी आले असते.

तू पंधरा सांगितलेस ते बरोबर होते. ताई चुकली. ती लहानपणी खेळात हरली की रडायची. तिला खूप चिडव.

हा कागद आईलाही दाखव.

माझे हात तुला दिसत नाहीत. माझा चेहराही दिसत नाही. तरी मी काय सांगते ते समजले ना?

समजले असेल तर मला उलट लिही. मी वाट पाहते.

आजी